जमायला लागलं की थांबायचं

बाई,

तुम्ही एकदा मला एक प्रश्न विचारला होता. सारोळ्याला, तुमच्या स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता. मी तेव्हा नववीत होते, तोंडात घास होता, आणि मी उत्तर दिलं नाही. तुम्ही तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाहीत, आणि मलाही तो पुढं कित्येक वर्षं आठवला नाही. आता निवृत्ती जवळ आली आणि तो अचानक माझ्या मागं लागला आहे. उत्तर सापडलंय, म्हणून लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तुम्हाला पत्र लिहिणं हा वेडेपणाच आहे. पण हल्ली शाळा सोडली तर माझं फारसं कुणाशी बोलणं होत नाही, तेव्हा एवढा वेडेपणा चालवून घ्या.

शिवऱ्याची आमची शाळा हायवेला इतकी खेटून होती की प्रार्थनेत ट्रकचे हॉर्न मिसळायचे. मागं मैदान होतं, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. खो-खोचे दोन खांब होते, त्यातला एक कुणीतरी रातोरात उपटून गोठ्याला लावला. कुणी लावला ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण त्याच्या दोन्ही पोरी आमच्या संघात होत्या, त्यामुळे सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली. तुम्ही काय केलंत, तर अख्खं मैदानच सरकवलंत. नव्यानं फक्की मारलीत आणि दुसऱ्या टोकाला खांबाच्या जागी कडुलिंब येईल अशी रेघ आखलीत. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला झाड. झाडाला धरून गिरकी घेतली की तळहात सोलून निघायचा. आम्ही कुरकुर केली की तुम्ही म्हणायचात, "सामन्यात दोन्हीकडं गुळगुळीत खांब असतील, तवा किती सोपं वाटंल बघा." तुम्ही शाळेत शुद्ध बोलायचात, पण मैदानात पदर खोचला की तुमची भाषा बदलायची. पाचवारी सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्ही पहिल्यांदा ते बूट पाहिले तेव्हा आठवडाभर हसत होतो.

आणि तुमचा तो सराव. एक खो, मग खांबावर सूर, म्हणजे एका हातानं खांब धरून पळणारीवर झेप, मग हूल. पुन्हा खांब येईल म्हणून तयारीत राहावं तर तुम्ही साखळी पळायला लावायचात. एकच गोष्ट लागोपाठ करू द्यायचा नाहीत. हाताला जरा सवय होतेय असं वाटलं की शिट्टी, आणि दुसरंच काहीतरी. पलीकडच्या गावच्या शाळेत पोरी ओळीनं उभ्या राहून एकापाठोपाठ एक खांब मारायच्या, बघायला किती छान दिसायचं. आमचा सराव म्हणजे नुसता गोंधळ. कुणी खो द्यायला विसरतंय, कुणी भलत्याच दिशेला पळतंय. कट्ट्यावर बसलेले लोक मोठ्यानं म्हणायचे, "बाईला तरी खेळ येतो का न्हाई कुणास ठावं." तुम्हाला ऐकू जायचं, पण तुम्ही तिकडं मान वळवायचा नाहीत. एकदा आम्ही सगळ्या मिळून रडकुंडीला येऊन म्हणालो होतो, "बाई, एक तरी गोष्ट नीट होऊ द्या की!" तुम्ही म्हणालात, "आज लोणचं घातलं, आजच वाढायचं व्हय?"

या सगळ्याहून राग यायचा तो तुमच्या थांबवण्याचा. पावणेपाच वाजत आले की, खेळ अगदी रंगात आला असला तरी, आणि खरं म्हणजे रंगात आला असला की हमखास, तुमची लांब शिट्टी वाजायची. "जमायला लागलं. आता थांबायचं. पिशव्या उचला." आणि तुम्ही झपाझप हायवेकडं चालू लागायचात, सारोळ्याच्या एसटीसाठी. ती गाडी गेली की पुढची अंधार पडल्यावर. आम्ही मैदानात तशाच उभ्या, अंगात अजून धाव शिल्लक, आणि धुळीत तुमच्या बुटांचे ठसे. एका दिवसाआड सराव, तोही एवढासा. मला वाटायचं, यांचं आमच्यात मनच नाही.

म्हणून एका रविवारी आम्ही पोरींनी ठरवलं की आपलं आपण शिकायचं. सकाळी भाकऱ्या बांधून मैदानावर गेलो आणि दुपार कलेपर्यंत फक्त खांब मारला. झाडाकडं कुणी फिरकलंच नाही, हात सोलून कोण घेणार. उन्हं उतरेपर्यंत असा काही सूर बसला की आमचं आम्हालाच नवल वाटलं. सोमवारी तुम्हाला जबरदस्तीनं उभं केलं आणि दाखवलं. एकीचीही चूक झाली नाही. तुम्ही हाताची घडी घालून बघत होता. "छान," तुम्ही म्हणालात, "आता गुरुवारी दाखवा." गुरुवारी तुम्ही आधी खो द्यायला लावलंत, मग पळवलंत, आणि मधेच कधीतरी ओरडलात, "खांब!" माझा हात खांबाच्या वीतभर अलीकडं बंद झाला आणि मी हनुवटीवर आपटले. बाकीच्यांची गत याहून बरी नव्हती, आणि झाडाच्या बाजूला तर कुणालाच काही सुधरेना. तुम्ही पदराच्या टोकानं माझी हनुवटी पुसलीत. वाटलं आता माया करतील. पण तुम्ही म्हणालात, "रविवारी तुमी खांब शिकला न्हाई. रविवारी तुमी रविवार शिकला. आज जमलं ते जमलं धरू नका. चार दिवस दुसरी कामं करून या आणि मग जमतंय का बघा." मी त्या वेळी तुमच्यावर इतकी चिडले होते की आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला आमचं कौतुक बघवत नाही, असं मी घरी आईलाही सांगितलं.

त्यानंतर पावसाळ्यात माझा पाय मुरगळला. सारोळ्यात एक म्हातारे पाय चोळून बसवायचे, त्यांच्याकडं तुम्ही मला घेऊन गेलात. परतीला गाडी नव्हती, म्हणून घरी निरोप धाडून मी तुमच्याकडं राहिले. तुमचं घर नीरेच्या पुलाजवळ. पुलावरून ट्रक गेला की फळीवरची ताटं वाजायची. मधल्या खोलीत कॉटवर तुमचे यजमान होते, उंचेपुरे, भरघोस मिशांचे, आणि कमरेपासून खाली अजिबात न हलणारे. खंबाटकीच्या घाटात त्यांचा ट्रक उलटला होता, हे मला तिथं गेल्यावर कळलं. तुम्ही शाळेत कधी चकार शब्द काढला नव्हता. खुंटीला त्यांचा खाकी शर्ट तसाच लटकत होता. तुम्ही तव्यावर भाकरी टाकायचात, ती फुगायच्या आत हात पुसत खोलीत जायचात. "हां, सरका जरा. एवढंच. झालं." परत येऊन हात धुऊन भाकरी उलटायचात. त्यांना सारखं या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. दिवसा शेजारीण बघायची, पण संध्याकाळी तिची धारेची वेळ. तुम्ही त्या एसटीनं आला नाहीत तर ते तसेच पडून राहायचे.

मी ताटावर बसून हे सगळं बघत होते, आणि मला हळूहळू ती लांब शिट्टी कळत होती. तुम्ही माझ्या ताटात दूध ओतलंत, दुसरी भाकरी थापायला घेतलीत आणि माझ्याकडं न बघता विचारलंत, "मी तुमाला दर येळी अर्धवट सोडून येती. कधी कधी गाडीत बसल्यावर लई वाईट वाटतं. माझ्यापायी तुमचं नुकसान तर होत न्हाई ना गं?"

मी घास चावत राहिले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला शिक्षक असलं काही विचारतात हेच मला नवं होतं. आतल्या खोलीतून तुमच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, तिला खाऊ तरी दे आधी." तुम्ही हसलात, भाकरी तव्यावर टाकलीत, आणि विषय तिथंच संपला. सकाळी निघताना तुम्ही माझ्या हातात दोन खाकी पट्ट्या ठेवल्यात, गुडघ्याला बांधायच्या, आत कापसाचा थर भरून हातानं टिपलेल्या. खुंटीवरच्या शर्टाची एक बाही नव्हती. तुमचे यजमान कॉटवरून म्हणाले, "घाटात लई फिरलाय तो शर्ट. मला सांभाळलं न्हाई त्यानं, तुला सांभाळंल." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसले. मला हसावं की रडावं कळेना.

त्या पट्ट्या मी इतकी वर्षं जपल्या. कापसाचे गोळे झाले, पण टाका कधी उसवला नाही.

मी तुमच्यासारखीच खेळाची शिक्षिका झाले, हे तुम्हाला कळलं नसणार. मी शिक्षणासाठी पुण्यात होते तेव्हा तुम्ही गेलात, आणि मला कळेपर्यंत तुमचं दिवसकार्यही उरकून गेलं होतं. आता मी वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत आहे. राहते भोरला, चेलाडीला गाडी बदलून रोज जा-ये. आता बाई कुणी म्हणत नाही, मॅडम म्हणतात. आमचे हे गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी नागपूरला, रविवारी फोन करते आणि जेवलीस का विचारते. मी जेवले म्हणते, कधी कधी जेवलेली नसतानाही. पेठेच्या मागं वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खाली शिंपीचाचांचं दुकान, संध्याकाळी त्यांचं मशीन थांबतं आणि शटर खाली येतं. त्यानंतर सकाळी दूधवाला येईपर्यंत माझ्या घरात कुणाचाही आवाज होत नाही. टीव्ही लावून ठेवते, तो मी मोजत नाही.

सराव मात्र मी तुमच्यासारखाच घेते. एक खो, एक खांब, एक हूल. दिवसाआड, थोडा थोडा, आणि जमायला लागलं की थांबायचं. खरं सांगते, हे शहाणपणानं नव्हे तर सवयीनं, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. मागं एकदा पुण्यात आम्हा खेळशिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथं एका तरुण सरांनी पडद्यावर समजावलं की एकच कौशल्य सलग घोटलं तर त्या दिवशी झकास दिसतं आणि नंतर ओसरतं, आणि मिसळून, मधे अंतर ठेवून केलं तर त्या दिवशी गचाळ दिसतं आणि पुढं टिकतं. अगदी नवख्या पोरांना सुरुवातीला एक गोष्ट थोडी गिरवू द्यावी लागते, आणि सगळ्यांचं सगळीकडं सारखंच होतं असंही नाही, हेही त्यांनी सांगितलं. बाकीचे लिहून घेत होते. मला मात्र त्या थंडगार हॉलमध्ये भाकरीचा वास आला आणि तुमचा प्रश्न आठवला. जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन जिन्यात जाऊन बसले, कारण डोळ्यांचं पाणी थांबेना आणि ओळखीचं कुणी नव्हतं ज्याला कारण सांगावं.

पण माहिती असणं वेगळं आणि वागणं वेगळं, बाई. या वर्षी आमच्या पोरींनी तालुका मारला. पहिल्यांदाच. दिवाळीनंतर जिल्ह्याचे सामने होते, आणि संस्थेचे अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत शाळेतच मुक्कामी शिबिर घ्या, जेवणाचा खर्च माझा, पोरी दिवसभर मैदानात राहिल्या पाहिजेत. पोरी आनंदानं नाचायला लागल्या. आणि मी? मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणाले. दिवाळीची सुट्टी मला नको असते, बाई. त्या सुट्टीत पेठेत सगळीकडं आकाशकंदील लागतात आणि मी एक पणती खिडकीत ठेवून लवकर झोपते. शिबिर म्हणजे माझ्याभोवती दिवसरात्र पोरी. मी भोरच्या बाजारातून मोठं पातेलं बघून आले, वर्गात सतरंज्या कशा घालायच्या ते मनात मांडून झालं. मला जिल्हा दिसतच नव्हता. मला सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी "मॅडम, माझी वेणी घाला ना" म्हणतंय एवढंच दिसत होतं.

त्याआधी एक रविवार आम्ही नमुना म्हणून केला. अध्यक्ष येणार होते, काहीतरी देखणं दाखवायला हवं होतं, म्हणून दिवसभर मी फक्त खांबावरचा सूर घेतला. दुपारी खिचडीच्या शेडमध्ये मी पिठलं-भात केला, पोरींनी पातेलं घासून पुसून खाल्लं. आमची कप्तान, पाल नावाच्या खेड्यावरची काटक पोरगी, जेवल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपूनच गेली. तिच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. मी पाय बधिर झाला तरी हलले नाही. संध्याकाळी अध्यक्ष आले तेव्हा सगळ्या जणी एकामागून एक अशा सूर मारत होत्या की त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "बघा, एका दिवसात एवढं! शिबिरात तर जिल्हा आपलाच." त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी स्वतःशीच गाणं गुणगुणत होते.

गुरुवारी नेहमीचा सराव होता. मधेच मी ओरडले, "खांब!" आणि कप्तानचा हात खांबाच्या वीतभर अलीकडं बंद झाला. ती उठून बसली, हनुवटीवर रक्ताचा ओघळ, आणि म्हणाली, "रविवारी तर येत व्हतं मॅडम, गेलं कुठं?" मी माझ्या ओढणीनं तिची हनुवटी पुसली. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, तुमचंच. पण मला ते बोलवेना. कारण बोलले असते तर शिबिर तिथंच मोडलं असतं.

दोन दिवस मी स्वतःशी भांडत होते. मनात म्हणायचे, शिबिरातही मिसळून घेता येईल. येईलही थोडं. पण दिवसभर मैदानात ठेवायचं, अध्यक्षांना रोज संध्याकाळी प्रगती दाखवायची, म्हणजे पुन्हा घोटणंच आलं, आणि मधे मुरायला जागा कुठं? शिवाय भाताची कापणी. पोरी घरात नसतील तर त्यांच्या आयांच्या कमरा मोडणार, हे मला काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. फक्त सुट्टीतली माझी रिकामी खोलीही दिसत होती. शेवटी मुख्याध्यापकांकडं गेले आणि म्हटलं, शिबिर नको. सुट्टीत एका दिवसाआड पोरींना सकाळी तासभर बोलवू, मग त्या कापणीला जातील. ते चकित झाले. "मॅडम, तुम्ही तासाभरासाठी भोरहून येणार आणि लगेच परत जाणार? त्यापेक्षा मुक्काम बरा नाही का? सगळी सोय होतेय." मी म्हटलं, "मला घरी जावं लागतं, सर."  हे गेले तेव्हा सर भोरला आले होते, आमच्या खोल्या त्यांनी पाहिल्यात, घरी कोण आहे आणि कोण नाही ते त्यांना नीट ठाऊक आहे. पण भला माणूस. "बरं," एवढंच म्हणाले आणि अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष बराच वेळ मोठ्यानं बोलत होते, ते सगळं सरांनी ऐकून घेतलं.

पोरी रुसल्या. त्यांना शिबिर हवं होतं, एकत्र झोपायचं होतं, रात्री गप्पा मारायच्या होत्या. कप्तान तोंडावर म्हणाली, "मॅडमना आमचं काय न्हाई. त्यान्ला घरी जायची घाई." मला हे वाक्य कुठं ऐकलंय ते ओळखू आलं, कारण असलंच काही मीच आमच्या घरी, शिवऱ्याला, आईसमोर म्हटलं होतं.  दिवाळीभर मी जात राहिले. पोरी विळ्यानं कापलेली बोटं घेऊन यायच्या, तासभर पळायच्या, सगळं चुकवायच्या, आणि कुठं जमायला लागलं की मी लांब शिट्टी वाजवायचे.

जिल्ह्याला आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि हरलो. पुण्याच्या पोरी आमच्यापेक्षा सरस होत्या, उगाच खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधीच्या सामन्यात, वेळ संपत आलेली, शेवटची पळणारी डाव्या खांबाला वळसा घालून निसटत होती. डावी बाजू आमच्या कप्तानला कधी धड जमली नव्हती. मधे कापणीमुळं तिचा सरावही बुडाला होता. मी ओरडलेसुद्धा नाही. तिनं न बघता हात टाकला, खांब बरोबर मुठीत आला, आणि ती लांबच्या लांब हवेत गेली. त्या पळणारीच्या पाठीला तिची बोटं लागलेली मला दिसली. तिच्या गुडघ्यांना खाकी पट्ट्या होत्या. मीच दिल्या होत्या त्या सकाळी, एका बाजूचा टाका उसवून, कापूस बदलून.

तर बाई, उत्तर हे आहे. नाही. तुमच्यापायी आमचं नुकसान झालं नाही. तुम्ही अर्धवट सोडून जात होता म्हणूनच ते आमच्यात राहिलं. तुम्हाला हे ठाऊक होतं की नुसती एसटी गाठायची होती, ते मला अजूनही सांगता येणार नाही, आणि आता मला त्याची गरजही वाटत नाही. तुम्ही गाडीत बसून वाईट वाटून घेत होता, तेवढं तरी मी वाचवू शकले असते. तोंडातला घास गिळायचा आणि एक शब्द बोलायचा, एवढंच होतं.

एक गोष्ट मात्र मला विचारायची राहिली. तुमचे यजमान तुमच्या आधी गेले, असं मागाहून कानावर आलं. मग त्यानंतर तुम्ही काय करत होता? कुशीवर करायला कुणी नव्हतं, शेजारणीची धार आडवी येत नव्हती. तरी तुम्ही त्याच वेळेला शिट्टी वाजवत होता का? त्याच गाडीनं जात होता? मी तेव्हा गावात नव्हते, आणि जिला विचारावं अशी कुणी आता आठवत नाही.

मी विचारते आहे, कारण मला माझं सांगायचं आहे. सामन्याहून परतताना टेम्पोनं मला चेलाडी फाट्यावर सोडलं. कप्ताननं माझी पिशवी खाली दिली आणि रुसवा विसरून म्हणाली, "पळा मॅडम, उशीर झालाय, घरी वाट बघत असत्याल." मी "हो गं" म्हटलं आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत पळाल्यासारखं चालले. शाळेतही तेच. पावणेपाचला शिट्टी वाजवते, पोरींना सांगते, माझी गाडी चुकेल. घाईघाईनं स्टॉपवर येते. पोरी समोरच्या पायवाटेनं वर चढत जातात, आणि त्यांचं हसणं, भांडणं, कुणाला तरी हाका मारणं वळणापर्यंत ऐकू येत राहतं. एवढ्यात गाडी येते. आणि बाई, मी त्या गाडीत चढत नाही. कंडक्टरला आता माहीत झालंय, तो दारातून माझ्याकडं बघतो आणि स्वतःच घंटी मारतो. मी पोरींचा शेवटचा आवाज येईपर्यंत बसते, मग त्यानंतरही बसते.

हे पत्र मी इथंच लिहिलं आहे, स्टॉपच्या कट्ट्यावर, दिवसाआड थोडं थोडं. कुठं पाठवायचं नाही, त्यामुळं घाई नव्हती. आज जरा जमतंय असं वाटतंय, तेव्हा थांबते. खालच्या वळणावर दुसऱ्या गाडीचा दिवा दिसतोय. ही मात्र धरायला हवी, हिच्यानंतर गाडी नाही.